मुलांसाठी फोन ‘सेट’ करताय? या चुका टाळा

बेळगावात शहापूरच्या बाजूला माझं मोबाइलचं दुकान आहे. ग्लास बसवणं, चार्जिंगचा पॉइंट बदलणं ही खरी कामं. पण मेअखेरीस शाळा सुरू झाल्या की वेगळंच गिऱ्हाईक येतं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पोर. ‘मुलांचं ते अ‍ॅप घालून दे की जरा. लवकर कर, गाडी रस्त्यावरच लावलीया.’

अ‍ॅप घालायला दोन मिनिटं लागतात, ते नीट बसवायला अर्धा तास. तो अर्धा तास कुणाकडेच नसतो. महिन्याभराने मात्र तेच गिऱ्हाईक तोंड पाडून परत येतं, तेव्हा तासभर बसायची तयारी असते.

आपलंच जीमेल पोराच्या फोनात

ही मी सगळ्यात जास्त बघितलेली चूक. घरात नवा फोन येतो, जुना पोराकडे जातो आणि त्यात बापाचं खातं तसंच राहतं. नवीन खातं काढायला सांगितलं की उत्तर ठरलेलं: ‘असूं दे की, घरचंच हाय.’

तालुक्यातल्या एका गावचे गृहस्थ. पाचवीतल्या पोराला असाच फोन दिलेला. गणपतीच्या सुट्टीत पोराला गेम घालायचा होता आणि जागा पुरेना. त्याने गूगल फोटोज उघडलं, एका फोटोवर बोट दाबून धरलं, तसंच खाली ओढत नेलं आणि सगळं डिलीट केलं. त्याच्या लेखी ते पप्पांचे जुने फोटो. पण खातं एकच आणि बॅकअप चालू, त्यामुळे बापाच्या खात्यातूनही ते गेले. त्यात धाकटीच्या बारशाचे फोटो होते, पाळण्याची दोरी धरून बसलेल्या आजीचे. त्या आजी पुढे वारल्या होत्या.

बॅकअप झालेला फोटो उडवला तर तो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, तेवढ्यात परत आणता येतो. हे माझ्याकडे आले तुळशीचं लग्न झाल्यावर. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. साठ उलटून गेले होते. ‘काय तरी कर की ओ, तुमच्याकडं सॉफ्टवेअर असतंय म्हणे.’ नसतं. पोरगं बाकड्यावर मान खाली घालून बसलं होतं. त्याला मी काय बोलणार? चूक त्याची नव्हतीच.

माझी पद्धत सांगतो. जुना फोन आधी पूर्ण रिकामा करायचा. त्याआधी सेटिंगमध्ये जाऊन आपलं खातं हाताने काढायचं, नाहीतर रिसेट झाल्यावर फोन जुनं खातं आणि पासवर्ड मागत बसू शकतो. मग मुलाच्या नावाने नवं खातं, आणि ते फॅमिली लिंक या गूगलच्या अ‍ॅपातून आपल्या खात्याला जोडायचं. कुठलं अ‍ॅप घालायचं त्याची परवानगी आपल्या फोनवर येते, रोजची वेळ ठरते, रात्री फोन आपोआप कुलूप होतो. जन्मतारीख खरी घाला. लवकर आटपावं म्हणून पोराचं साल १९९५ टाकणारे महाभाग मी बघितलेत. फोनच्या दृष्टीने तो मग तीस वर्षांचा बाप्या, त्याला काय दाखवायचं आणि काय नाही हा प्रश्नच उरत नाही.

वेळेची मर्यादा लावून रोज ‘अजून पाच मिनिटं’ वाढवून देणार असाल तर ती लावूच नका. दोन वर्षांखालच्या लेकराला तर स्क्रीन नकोच, मर्यादेचा सवालच नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय. भात भरवताना व्हिडिओ लावणाऱ्यांना मी आता काही बोलत नाही, आमच्या घरी बहीण रागावते.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शाळेच्या फीची फाइल’ म्हणून एपीके (म्हणजे फोनात अ‍ॅप बसवणारी फाइल) आली तर हात लावू नका. पैसे गेलेच तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, माझ्याकडे नंतर या.

कन्नड निरोप भाषांतराच्या भरवशावर सोडणं

ही चूक आपल्या भागाची खास, आणि मी स्वतः केलेली. मला कन्नड बोललेलं कळतं, मोडकंतोडकं बोलताही येतं, पण वाचता येत नाही. आमच्या पिढीत असे खूप. मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर टीचर कन्नडच लिहितात, पण इंग्रजी अक्षरांत.

जुलैचे दिवस, दोन दिवस पावसाची सुट्टी झालेली. रात्री साडेनऊला निरोप आला. मी दुकान बंद करत होतो. निरोप उचलून भाषांतराच्या अ‍ॅपात टाकला, तर उत्तर आलं, ‘उद्या राजा नाही’, आणि पुढे काहीतरी गिचमिड. कुठला राजा? माझ्या घाईत डोळ्यांना फक्त ‘नाही’ दिसलं. बायकोला सांगितलं, उद्या शाळा नाही. तिने कामावर रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी दहाला टीचरचा फोन. सगळी मुलं आलीत, तुमची कुठाय? मग त्याच्या पुढच्या दिवशी मी शहाणपणा केला. पोरीला रेनकोट घातला, मागे बसवलं आणि भर पावसात शाळेत पोचलो. गेटला कुलूप. वॉचमन छपराखाली चहा पीत बसलेले. ‘काय ओ, आज कशाला आलाय? आज रजा की!’ रेनकोटच्या टोपीतून पोरगी माझ्याकडे बघत होती. ते बघणं मी विसरलेलो नाही.

मूळ निरोप होता: ‘नाळे रजा इल्ल, नाडिद्दु रजा.’ उद्या सुट्टी नाही, परवा सुट्टी. एकदा मोठ्याने वाचला असता तर अ‍ॅपाची गरजच नव्हती. रजा तर आपलाच शब्द. पण इंग्रजी अक्षरांत रजा आणि राजा एकच दिसतात, आणि अ‍ॅपाने मला राजा दिला.

तेव्हापासून माझा नेम असा. निरोप आधी तोंडाने वाचायचा. आपल्या बाजूच्या माणसाच्या कानाला कन्नड कळतं, डोळ्यालाच कळत नाही. तरी अडलं तर अ‍ॅपात भाषा आपोआप ओळखायला न सोडता स्वतः ‘कन्नड’ निवडायची. कन्नड लिपीतली छापील नोटीस असेल तर कॅमेरा धरा, त्याने बरंच नीट येतं, पण फोन हलवू नका. आणि चार शब्द पाठच करा: नाळे म्हणजे उद्या, नाडिद्दु म्हणजे येणारा परवा, इदे म्हणजे आहे, इल्ल म्हणजे नाही. फक्त या चारांत शाळेचे निम्मे निरोप उरकतात. शंका राहिलीच तर शेजारच्या कन्नड काकूंना विचारावं. त्या अ‍ॅपापेक्षा लवकर उत्तर देतात, वर चहाही देतात.

पावसाळ्यात डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) सहीचं सुट्टीचं पत्र फिरत आलं तर आधी त्यावरची तारीख वाचा. गेल्या वर्षीचं पत्रही तितक्याच हौसेने पुढे ढकललं जातं.

औषधाचं प्रमाण अ‍ॅपाला विचारणं

यात मी गंमत करत नाही. तापाचं पॅरासिटामॉल सिरप दुकानात एकाच ताकदीचं मिळत नाही. एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत तेवढ्याच ५ मिलीमध्ये २५०. तान्ह्यांच्या थेंबांत तर १ मिलीलाच १०० मिलिग्रॅम. आता अ‍ॅपाने वजन विचारून ‘इतके मिली’ सांगितले, पण हातातली बाटली कुठली हे विचारलंच नाही, तर दुप्पट औषध पोटात जायला वेळ लागत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आणि बाटलीवरच्या लेबलचा फोटो एकाच अल्बममध्ये ठेवा. बाटली बदलली की डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला पुन्हा विचारा. फोनचा उपयोग एवढाच: किती वाजता दिलं ते लिहून ठेवायला. रात्री तीनला नवरा-बायको दोघांनी वेगवेगळं दिलं, असं होत नाही मग.

लसीचंही तसंच. एक ताई रडकुंडीला येऊन फोन दाखवत होत्या, बाळाचं इंजेक्शन चुकलं म्हणून. अ‍ॅप अमेरिकेचं. तिथल्या नेहमीच्या वेळापत्रकात बीसीजी नसते, आणि गोवराची लस वर्षानंतर. आपल्याकडे बीसीजी जन्मल्याबरोबर, मग ६, १०, १४ आठवड्यांना दुसऱ्या लसी, आणि गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर. बाळाचं काही चुकलेलं नव्हतं. तायी कार्डावरच्या (आई-बाळाच्या सरकारी कार्डावरच्या) तारखा बघून फोनच्या साध्या कॅलेंडरात टाका. कार्ड पावसात भिजतं, म्हणून त्याचाही फोटो काढून ठेवा.

आता ‘आठवणीचा गजर वाजलाच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी. बॅटरी वाचवायला फोन मागे चालणारी अ‍ॅपं झोपवतो. त्या अ‍ॅपाच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन निर्बंध काढा. प्रत्येक कंपनीच्या फोनात ते वेगळ्या जागी लपवलेलं असतं, नाही सापडलं तर दुकानात या, याचे मी पैसे घेत नाही.

पिन मुलाच्या जन्मतारखेचा ठेवू नका. आणि त्याच्यासमोर दाबू नका. माझ्या पोरीने माझा पिन बोटांच्या हालचालीवरून ओळखला होता. मी बदलला. आठवड्याने तिने नवा सांगितला, तोही भाकरी खाता खाता.