मे महिन्यातली माती आणि डबक्यातले चपटे कृमी

डबक्यातले चपटे कृमी पाहायचे म्हटलं की लोक जुलैत जाळी घेऊन निघतात. मी म्हणेन, मे महिन्यात जुना चमचा घेऊन निघा. पाणी आटलं की मोठे कृमी मरतात, पण जाड कवचाची अंडी तळाच्या मातीत टिकून राहतात. ती माती घरी आणून जूनमध्ये भिजवायची आणि अंडी फुटायची वाट पाहायची. उत्तर अमेरिकेतला फॅगोकाटा वेलाटा तर आपलं अंगच तुकड्यांत मोडतो आणि प्रत्येक तुकड्याभोवती चिकट कोष करून पाण्याची वाट पाहतो.

जागा निवडताना सड्यावरचे, म्हणजे खडकाळ पठारावरचे, पावसाळ्यात पाणी साचणारे खळगे पाहा. रस्त्याकडेचं तेलकट डबकं किंवा फवारणी झालेलं खाचर नको. कास पठारावरून मात्र चिमूटभर मातीही आणायची नाही. ते २०१२ साली जागतिक वारशात आलेल्या पश्चिम घाटातलं आहे.

खळग्याच्या तळाची वरची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर माती खरवडा. तीन-चार चमचे पुरेत. कागदी पिशवीत भरून जागा आणि तारीख लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत उरलासुरला ओलावा अडकतो आणि बुरशी धरते.

जूनमध्ये पावसाचं पाणी धरा, पण छपरावरची पहिली सर वाहून जाऊ द्या. पसरट काचेच्या भांड्यात बोटभर माती, वर चार बोटं पाणी. नळाचं पाणी घ्यायचंच असेल तर क्लोरिन उडून जायला दिवसभर उघडं ठेवा. भांडं उजेडात, पण थेट उन्हात नाही. त्यावर मलमल घट्ट बांधायला विसरू नका, नाहीतर कृमींआधी डास पैदा होतील. एडिस डासाची अंडीही कोरडी टिकतात, त्यामुळे ती मातीतूनच आलेली असू शकतात.

आता खरं काम: पाहणं. मेसोस्टोमासारखे कृमी काचेसारखे पारदर्शक असतात, पांढऱ्या भांड्यात दिसतच नाहीत. भांड्याखाली काळा कागद ठेवा, रात्री बाजूने टॉर्च मारा. पाण्यात वळवळ न करता थेंबासारखं सरकणारं काही दिसलं की भिंग घ्या. ही चाल अंगावरच्या सूक्ष्म केसांची. जळू असेल तर दोन्ही टोकांना चूषक आणि अंगावर वळ्या दिसतील.

चिमट्याने उचलू नका, फाटतो. रुंद तोंडाचा ड्रॉपर किंवा मऊ कुंचला वापरा. खाद्य म्हणून डासाची एखादी अळी सोडा. मेसोस्टोमा चिकट धाग्यांत ती अडकवतो आणि रस शोषतो. बघायला निर्घृण वाटतं, पण डासांबद्दल मला कळवळा नाही. अळी नसेल तर गांडुळाचा कणभर तुकडा टाका आणि तासाभरात काढा, नाहीतर पाणी नासतं.

आठवडाभर काहीच दिसलं नाही तर माती फेकू नका. सगळी अंडी एका भिजवणीत फुटत नाहीत. भांडं पुन्हा पूर्ण सुकवा आणि परत भिजवा.

पावसाळ्यात डबक्यातच उतरायचं ठरवलंत तर गमबूट घाला. पायावर जखम असेल तर उतरूच नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा आजार) धोका असतो.

कृमीच्या पोटात तांबूस-तपकिरी ठिपके दिसू लागले की समजा, जाड कवचाची अंडी तयार होताहेत. मग पाणी वाढवणं थांबवा, भांडं सावकाश आटू द्या, आणि माती त्याच कागदी पिशवीत नव्या तारखेसह परत भरा.