वॉलाय धरायचाय? उजेड उतरू द्या
अमेरिकेतल्या मिनेसोटात नव्याने गळ टाकणाऱ्यांनी लख्ख उन्हात वॉलाय माशामागे बसू नये. या माशाच्या डोळ्यात मागे चकाकणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा जास्त दिसतं. खायला तो निघतो दिवेलागणीला किंवा पहाटे. तळ्यावर वाऱ्याने लाटा उठलेला काठ बघा. नदीत धरणाखाली, धावतं आणि संथ पाणी जिथे भेटतं तिथे. १/८ औंसाच्या जिगला, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळाला, मिनो हा आमिषाचा छोटा मासा ओठातून टोचा, तळाला टेकवा, वीतभर उचला, पुन्हा सोडा. दोरी ढिली नको. वॉलाय बरेचदा हिसका देतच नाही, नुसतं जड लागतं, ओला पाचोळा अडकल्यासारखं. तेवढ्यावरच झटका मारा. आणि हो, परवाना आधी काढा.