आई-बाबांना घेऊन आरव्ही ट्रिपला निघताय? सेफ्टीचं हे आधी बघून घ्या

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की यलोस्टोन नाहीतर युटाहचे नॅशनल पार्क बघायचे, आणि रोज मोटेलात सामान चढवा-उतरवा करण्यापेक्षा सरळ आरव्हीच, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी मोठी गाडीच भाड्याने घेऊ, असं आता इथे अमेरिकेतले बरेच मराठी लोक ठरवतात. प्लॅन मस्तच आहे. स्वतःचं किचन, स्वतःचं बाथरूम, वेळेवर वरणभात. पण गाडी ताब्यात घेताना टाक्या, जनरेटर, नळ कसे चालतात एवढं दाखवलं की किल्ली हातात येते, आणि रात्री कुठे थांबायचं, कोणी दार वाजवलं तर काय करायचं, हे कोणी सांगत नाही. म्हणून लिहितेय.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एकच, गाडीतून खाली न उतरता तिथून निघता आलं पाहिजे. यासाठी पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मागे ओढायचा ट्रेलर न घेता मोटरहोम घ्यावं, ज्यात घर आणि ड्रायव्हरची केबिन एकच असते, म्हणजे बेडवरून उठलं की चार पावलांवर ड्रायव्हरची सीट. रिझर्व्ह केलेल्या कॅम्पग्राउंडला ठीक आहे, पण वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये किंवा ट्रक स्टॉपला रात्र काढायची असेल तर स्लाइड-आउट (खोली मोठी करायला भिंतीतून बाहेर सरकणारे भाग) बाहेर काढायचे नाहीत, गाडी स्थिर करणारे जॅक खाली सोडायचे नाहीत, खुर्च्या मांडायच्या नाहीत, आणि गाडीचं तोंड बाहेर जायच्या रस्त्याकडे ठेवायचं. ड्रायव्हरच्या सीटवर पिशव्या, जॅकेटं, खाऊचे डबे काही म्हणजे काही ठेवू नका, आणि किल्लीची जागा एकच ठरवा आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे. वॉलमार्टला झोपू देतात की नाही हे त्या-त्या स्टोअरच्या मॅनेजरवर असतं, त्यामुळे दुपारीच फोन करून विचारा. हायवेच्या रेस्ट एरियाचे नियमही प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, तिथला बोर्ड वाचल्याशिवाय पडदे ओढून झोपू नका. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं आणि जागा बघून मनात शंका येत नसेल तरच थांबायचं. येत असेल तर पुढे चला, तीस मैल जास्त गेले तरी चालतील.

रात्री दार वाजलं तर उघडायचं नाही. आपल्याकडे कोण आहे म्हणत दार उघडायची सवय असते, आई तर हमखास उघडणार, त्यामुळे तिला आधीच नीट सांगून ठेवा. खिडकीतून बोलायचं. बाहेरचा माणूस पार्कचा रेंजर किंवा पोलीस आहे म्हणाला तर नाव विचारा, आणि शंका वाटली तर ९११ ला फोन करून खात्री करून घ्या, खरा पोलीस याला हरकत घेत नाही.

कुलपांचं तर बघाच. आरव्हीच्या बाहेरच्या सामानाच्या कप्प्यांना कितीतरी कंपन्या वर्षानुवर्षं सीएच७५१ नावाची एकच किल्ली देत आल्यात, म्हणजे शेजारच्या साइटवरच्या माणसाच्या किल्लीने तुमचा कप्पा उघडू शकतो आणि ती किल्ली ऑनलाइन कोणालाही किरकोळ पैशात मिळते. तुमच्या किल्लीवर तो नंबर दिसला तर त्या कप्प्यात फक्त पाण्याचा पाइप आणि खुर्च्या ठेवा. पासपोर्ट, आईचे दागिने, लॅपटॉप आतच, आणि शहरात गाडी उभी करून फिरायला जाताना हे सगळं सोबत न्या, विशेषतः सॅन फ्रान्सिस्कोसारख्या ठिकाणी, जिथे काचा फोडून चोऱ्या होतात. दागिने खरं तर घरीच ठेवलेले बरे. आणि बंदूक घ्यायची का असं कोणी सुचवलं तर लक्षात ठेवा, एच-१बी किंवा व्हिजिटर व्हिसावर गन बाळगणं फेडरल कायद्याने बहुतेक वेळा गुन्हाच आहे.

पार्कात नेटवर्क जातं, हे धरूनच चाला. आयफोन १४ आणि पुढच्या फोनमध्ये सॅटेलाइटवरून इमर्जन्सी मेसेज पाठवता येतो, त्याचा डेमो सेटिंगमध्ये आहे, तो घरीच करून बघा. रोज संध्याकाळी कॅम्पग्राउंडचं नाव आणि साइट नंबर ठळक अक्षरात कागदावर लिहून फ्रिजवर लावा, मराठीतही लिहा. तुम्ही दोघं शॉवरला गेलात आणि बाबांना काही झालं तर आईला ९११ च्या फोनवर तेवढं वाचून दाखवता येईल.

आता किचन. फोडणीचा धूर झाला की अलार्म कोकलतो, लोक वैतागून बॅटरी काढतात आणि मग परत घालायची राहते. असं कधीच करू नका! आरव्हीत धुराचा, प्रोपेनचा (शेगडीच्या गॅसचा) आणि कार्बन मोनॉक्साइडचा असे अलार्म असतात, कधी दोन एकाच डबीत असतात. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा सेन्सर खाली जमिनीलगत असतो, त्याच्यापुढे चपला आणि बॅगा रचू नका. मोनॉक्साइडला तर वासच नसतो, डोकं दुखतं, मळमळतं आणि माणसाला वाटतं गाडी लागली. जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही आणि थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवायची नाही. फोडणी करताना एक्झॉस्ट फॅन लावा आणि खिडकी उघडा, नाहीतर बाहेर टेबलावर छोटी शेगडी लावा, वासही आत कोंडत नाही. गाडी घेतानाच प्रत्येक अलार्मचं टेस्ट बटण दाबा, मागची एक्सपायरी तारीख वाचा, उलटलेली असेल तर बदलून मागा.

चालत्या गाडीत चहा करायला किंवा आडवं व्हायला उठायचं नाही, सगळ्यांना बेल्ट. यलोस्टोनमध्ये बायसनपासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यापासून १०० यार्ड लांब राहायचा नियम आहे, फोटोसाठी कोणाला पुढे पाठवू नका.

आणि एक काम गाडी घेतली त्याच जागी करा. बेडजवळ लाल हँडलची खिडकी असते, आग लागली आणि दारापर्यंत जाता आलं नाही तर त्यातून बाहेर पडायचं असतं. तिथे झोपणाऱ्या माणसाला ती स्वतःच्या हाताने एकदा उघडायला लावा, कारण हँडल कधीकधी घट्ट बसलेलं असतं. बाबांचे गुडघे दुखत असतील आणि तिथून उतरणं त्यांना जमणार नसेल तर त्यांना दाराजवळचा बेड द्या, आणि मागे तुम्ही झोपा.