जुनी कॉमिक्स पार्सल करताना

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. म्हणजे इंद्रजालमधल्या वेताळाचा (फँटमचा) अगदी शेवटचा अंकही आता पस्तिशी ओलांडून गेला आहे. असा अंक कुणाच्या तरी माळ्यावर इतकी वर्षं तग धरतो आणि पुण्याहून नागपूरला जाताना दोन दिवसांत त्याचे कोपरे बसतात, हे फार वाईट वाटतं. विशेष म्हणजे ते टाळायला महाग सामान लागत नाही, पाऊण तास आणि थोडी शिस्त लागते. जुनी कॉमिक्स विकायला, अदलाबदल करायला किंवा संग्राहकांना पाठवायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहिलं आहे.

आधी नुकसान कसं होतं ते समजून घ्या. अंक पाकिटात मोकळा राहिला की प्रत्येक धक्क्याला घसरतो आणि त्याचे कोपरे ठेचून गोल होतात. उलट अंक घट्ट आवळला की दाब एका रेषेत येतो आणि कण्यावर, पिनांच्या आसपास, बारीक आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात. तिथे शाईचा थर तुटलेला असतो, तो परत जुळत नाही. तेव्हा पॅकिंगची प्रत्येक पायरी एकाच कसोटीवर तपासायची: अंक हलणार नाही ना, आणि दबणार नाही ना? नवीन माणूस पहिल्या भीतीने दुसरी चूक करतो. रबरबँड लावतो, सुतळी आवळतो, टेपचे वेढे घालतो. ज्या अंकांना सुतळी थेट लावलेली असते त्यांच्या कडांना दोन्ही बाजूंनी खाचा पडलेल्या दिसतात.

पॅकिंगला बसण्याआधी हात धुऊन पूर्ण कोरडे करा. क्रीम लावलेलं नको. अंकाचे फोटो काढा: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा तिरप्या उजेडात, मधलं पान पिनांसकट, आणि जिथे जिथे फाटलेलं, डागाळलेलं, कुणाचं नाव लिहिलेलं आहे ती प्रत्येक जागा. उद्या वाद झालाच तर हे फोटोच बोलतात. पानं उलटताना कसर, म्हणजे कागद खाणारा किडा, दिसते का पाहा. एक कसर समोरच्याच्या अख्ख्या कपाटात पोचू शकते. गंजलेल्या पिना काढू नका, सुटलेलं मुखपृष्ठ सेलोटेपने चिकटवू नका. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो आणि मूळ फाटण्यापेक्षा जास्त किंमत घालवतो. मुखपृष्ठ सुटलंय तर तसंच जागेवर ठेवा आणि घेणाऱ्याला आधी कळवा.

आता पिशवी. पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनची पिशवी चालते, मायलरची (पॉलिएस्टर फिल्मची) मिळाली तर उत्तम. पीव्हीसीची, म्हणजे मऊ आणि वासाची, अजिबात नको, कारण त्यातला मऊपणा आणणारा द्रव हळूहळू बाहेर येऊन शाईला चिकटतो. मापासाठी ठरलेल्या आकड्यांवर विसंबू नका. अमेरिकन कॉमिक्ससाठी बनवलेल्या पिशव्या आपल्या अंकांना नेमक्या बसतीलच असं नाही. अंकाची रुंदी मोजा आणि त्याहून पाऊण ते एक सेंटीमीटर जास्त रुंदीची पिशवी घ्या. त्याहून सैल घेतली तर अंक आत फिरतो, त्याहून तंग घेतली तर आत सरकवतानाच कोपरा दुमडतो.

एक गोष्ट नवीन लोक हमखास विसरतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पारदर्शक पिशव्यांच्या झाकणीवर गोंदाची पट्टी असते. अंक बाहेर काढताना ती झाकणी वर उघडी राहते आणि मुखपृष्ठाचा वरचा कोपरा तिला जरासा टेकला तरी पुरतं. रंगाचा पातळ पापुद्रा पट्टीबरोबर निघून येतो आणि खालचा कोरा कागद दिसू लागतो. हे अंक आत घालताना नव्हे, समोरच्याच्या हातात बाहेर काढताना होतं, म्हणून आपल्याला कळतही नाही. उपाय सोपा आहे: गोंदाची पट्टी कात्रीने कापून टाका, झाकणी मागे दुमडा आणि मास्किंग टेपच्या एका तुकड्याने बंद करा. टेपचं टोक अर्धा सेंटीमीटर आत दुमडून ठेवा, म्हणजे उघडणाऱ्याला ते पकडता येईल.

अंकाच्या पाठीमागे बोर्ड हवाच. आम्लमुक्त बोर्ड मिळाला तर तोच घ्या. करडा पुठ्ठा किंवा मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा अंकाला थेट लावू नका. त्यात आम्ल असतं, आणि जुन्या वृत्तपत्री कागदात ते आधीच भरपूर आहे. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन पान पिवळं आणि ठिसूळ करत असतं, त्याला आणखी मदत कशाला? आत घालायची पद्धत अशी: बोर्ड टेबलावर ठेवा, त्यावर अंक बरोबर मध्ये ठेवा, दोन्ही एकत्र धरून पिशवीत सरकवा. आधी बोर्ड घालून मग अंक ढकलला तर खालचे कोपरे पिशवीच्या शिवणीत अडकतात.

मग येतो खरा आधार, दोन कोरुगेटेड पुठ्ठ्यांचा. थ्री-प्लाय, म्हणजे तीन थरांचा, पुरतो. पिशवीच्या चारही बाजूंना दोन सेंटीमीटर बाहेर येईल एवढे दोन तुकडे कापा. पुठ्ठा आतल्या नळ्यांच्या दिशेने सहज दुमडतो, आडवा दुमडत नाही. हातात घेऊन वाकवून पाहा, लगेच कळेल. म्हणून एका तुकड्याच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवायच्या, म्हणजे दोन्ही मिळून कुठल्याच दिशेला वाकत नाहीत. दोन्ही एकाच दिशेने ठेवले तर जाडी दुप्पट होते, पण दुमडायची जागा तीच राहते. जुन्या खोक्याचा पुठ्ठा वापरत असाल तर त्यातल्या लोखंडी पिना काढा आणि घडी पडलेला भाग घेऊ नका.

पिशवी एका पुठ्ठ्यावर मध्यभागी ठेवून तिच्या चारही कोपऱ्यांवर तिरपा मास्किंग टेप लावा. टेप प्लास्टिकला आणि पुठ्ठ्याला चिकटला पाहिजे, ओढून ताणलेला नको. आता दुसरा पुठ्ठा ठेवा आणि चार कडांना टेप लावून बंद करा. हे सँडविच हलवून पाहा. आतून सरकल्याचा आवाज आला तर उघडून परत करा. पुठ्ठे मध्ये फुगलेले दिसले तर अंक जास्त झाले आहेत. बत्तीस पानी अंक एका सँडविचमध्ये चार-पाचपेक्षा जास्त घालू नका, आणि घालताना एकाचा कणा डावीकडे, पुढच्याचा उजवीकडे असं आलटून पालटून ठेवा. कण्याच्या बाजूला घडी आणि पिना असल्याने जाडी जास्त असते. सगळे कणे एका बाजूला आले तर चळत उतरती होते आणि वरच्या पुठ्ठ्याचा सगळा भार कण्यांवर येतो.

बबल रॅप नुसत्या पिशवीवर कधीच गुंडाळू नका. गरम गाडीत, वरून वजन आलं की फुग्यांच्या गोल खुणा गुळगुळीत मुखपृष्ठावर उठतात. पुठ्ठ्याच्या सँडविचबाहेर तो हवा तेवढा वापरा.

पाण्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर कोकणात किंवा मुंबईत पार्सल जाणार असेल तर सँडविच अख्खं एका जाड प्लास्टिक पिशवीत घालून तोंड दुमडून टेपने बंद करा. बाकीच्या महिन्यांतही आम्ही हेच सांगू, गोदामाची फरशी बाराही महिने धुतली जाते. पण ओल आत कोंडू नका. दमट दिवशी, पाऊस कोसळत असताना, खिडकीशी बसून पॅक केलेल्या अंकाबरोबर तीच हवा बंद होते आणि काही दिवसांत बुरशीचे ठिपके येऊ शकतात. अंक एक दिवस कोरड्या खोलीत ठेवून मगच पॅक करा. सिलिका जेलची पुडी टाकायची तर बाहेरच्या प्लास्टिकमध्ये, अंकाच्या पिशवीत नको, नाहीतर पुडीचा उठाव कागदावर उमटतो.

आपल्याकडे कापडी अस्तराच्या पाकिटाचा फार भरवसा आहे. ते फाटत नाही हे खरं, पण वाकतं. फाटणं आणि वाकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. निदान बाहेरून पुठ्ठ्याचा चपटा खोका हवाच. पार्सल पांढऱ्या कापडात शिवायचं असेल तर खोक्यावर शिवा, सँडविचवर नाही, कारण टाक्यांचा ताण नेमका कोपऱ्यांवर येतो. आणि गुंडाळी करून नळीत घालणं हा तर विचारच नको.

खोक्याचा आकार खर्चाशी जोडलेला आहे. बहुतेक कुरिअर लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणाऱ्या किलोची खऱ्या वजनाशी तुलना करून जास्त असेल त्याचे पैसे लावतात. एका सँडविचसाठी ३४ × २७ × ५ चा चपटा खोका घेतला तर हिशेब ०.९२ किलो येतो. दहा अंकांसाठी ३८ × ३१ × १२ चा खोका २.८३ किलो येतो, मग आत अंक कितीही हलके असोत. त्यामुळे खोका निवडताना आधी मोजा. पण पैसे वाचवायला भरण कमी करू नका. मोठ्या खोक्यात सहाही बाजूंना चार-पाच सेंटीमीटर भरण हवं, कारण खोका पडतो तो बहुधा कोपऱ्यावर, आणि तो कोपरा आत चेपला तरी अंकापर्यंत पोचता कामा नये. चुरगाळलेला कागद घट्ट भरा. थर्मोकोलचे दाणे प्रवासात एका बाजूला जमा होतात. फाइव्ह-प्लाय खोका, ४८ मिलिमीटरचा ब्राऊन टेप, मधली फट आणि दोन्ही बाजूंच्या कडा, वरून पाहिलं तर आडवा एच दिसेल असा. बंद करण्याआधी पत्ता आणि फोन लिहिलेली चिठ्ठी आत टाका. बाहेरचं लेबल भिजून निघालं तर तीच कामी येते. बाहेर "दुर्मिळ" असं काही लिहू नका.

सीजीसीसारख्या संस्थेने अवस्था तपासून श्रेणी देऊन कडक प्लास्टिकमध्ये बंद केलेला अंक असेल तर लोक निर्धास्त होतात. तो डबा कोपऱ्यावर पडला की तडकतो, आणि आतला अंक डब्यातल्या डब्यात हलून स्वतःच्या कडा झिजवतो. त्याला बबल रॅपचे दोन थर, त्यावर घट्ट बसणारा खोका आणि त्याबाहेर दुसरा खोका लागतो.

परदेशातल्या मराठी संग्राहकाकडे पाठवताना सीमाशुल्काच्या कागदावर नुसतं "बुक्स" न लिहिता "जुनी छापील कॉमिक्स", नग आणि किंमत लिहा. मालाच्या प्रकाराचा (एचएस) कोड विचारला तर छापील पुस्तकं ४९०१ मध्ये आणि नियतकालिकं ४९०२ मध्ये येतात. किंमत कमी दाखवू नका. पार्सल हरवलं तर भरपाईचा हिशेब त्याच आकड्यावर होतो. विमा उतरवायचा असेल तर मर्यादा आणि अटी काउंटरवर विचारून घ्या, आणि पावतीचा फोटो लगेच काढा, तिची छपाई उडून जाते.

पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी टाका, म्हणजे शनिवार-रविवार ते कुठल्या शेडमध्ये पडून राहणार नाही. घेणाऱ्याला आधीच निरोप पाठवा: खोका आल्यावर दोन-तीन तास न उघडता खोलीत ठेवा, ब्लेड उथळ चालवा, पिशवीची झाकणी पूर्ण मागे धरून अंक बोर्डासकट बाहेर काढा, आणि कोरुगेटेड पुठ्ठे त्याच दिवशी बाजूला करा, अंक त्यांच्यातच कपाटात ठेवून देऊ नका.