जुन्या गोव्याला निघण्याआधी

यात्रा नेणार असाल तर सगळ्यात आधी गावात बसून येणाऱ्यांना एक गोष्ट सांगून टाका. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या बासिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, मागच्या खेपेला आमच्यातली एक म्हातारी मान वर करून बराच वेळ उभी राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, इतक्या दूर आलो, अन् पेटीच पाहून जाचं काय?" चूक माझी होती. संत फ्रान्सिस झेवियरचं शरीर रोज उघड्या दर्शनाला नसतं, हे मी निघायच्या आधी कोणाला सांगितलंच नव्हतं. ते चांदीच्या पेटीत असतं आणि पेटी संगमरवरी चौथऱ्यावर चांगलीच उंच ठेवलेली आहे. चौथरा टस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो याने पाठवला, तो १६९८ मध्ये बसवला. पेटी त्याहूनही जुनी, गोव्याच्याच सोनारांच्या हातची. पेटी खाली आणून दर्शन देतात ते साधारण दहा वर्षांतून एकदा. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात ते झालं, म्हणजे आता नजर २०३४ वर. ज्यांना तोपर्यंत थांबायचं असेल ते थांबतील. बाकीच्यांनी पेटीपुढे गुडघे टेकायला जायचं आहे हे मनाशी ठरवूनच पिशवी भरावी.

तारीख ठरवताना शेत आधी पाहा. सायबाचा, म्हणजे संत झेवियरचा, सण ३ डिसेंबरला, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) २४ नोव्हेंबरपासून. त्या दिवसांत जुन्या गोव्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि आमच्या अचलपूरकडे नेमका तेव्हाच कापूस वेचणीला आलेला असतो. मजूर आधीच मिळत नाहीत, त्यात घरची दोन माणसं यात्रेला गेली तर वर्षभर बोलणी खावी लागतात. म्हणून आम्ही जानेवारीचा मधला आठवडा धरतो. तूर कापून झालेली नसली तरी एखाद्या भावाच्या भरवशावर आठ दिवस निघतात. शिवाय १६ जानेवारीला संत जोसेफ वाझचा सण असतो. हा माणूस मडगावजवळच्या बाणावलीत १६५१ मध्ये जन्मला, कॅथलिकांच्या छळाच्या दिवसांत श्रीलंकेत लपूनछपून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करत फिरला, आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संत जाहीर केलं. गोव्यातच सांकवाळला त्याचं तीर्थस्थान आहे. आपल्यातल्या बहुतेकांना झेवियर ठाऊक, वाझ नाही. जाण्याआधीच्या दोन रविवारी फादरांना त्याच्याबद्दल बोलायला सांगा.

रेल्वेची तिकिटं साठ दिवस आधी उघडतात. पूर्वी एकशेवीस होते, त्या हिशेबाने बसलात तर फसाल. आम्ही गावाहून बडनेऱ्यापर्यंत एसटीने जातो: बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना काहीच नाही, आधारकार्ड जवळ ठेवा. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली, तिथे पूर्ण पैसे धरा. बडनेऱ्याहून रात्रीच्या अमरावती-मुंबई गाडीने निघालं की सकाळी मुंबई. गोव्याला जाणारी कोकणकन्या रात्रीची, त्यामुळे मधला अख्खा दिवस वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला मिळतो. गोव्यात मडगावपर्यंत जाऊ नका, जुन्या गोव्याला करमळी स्टेशन जवळ पडतं. पैसे दिवाळीनंतर, कापसाचे आले की तीन हप्त्यांत गोळा करा. एकदम मागितले की नावं गळतात.

पापनिवेदन घरूनच करून निघा. ही बाब मी दरवर्षी दोनदा सांगते. तिकडे मिस्सा बहुतेक कोकणीत, नाहीतर इंग्रजीत. कोकणी मिस्सा कानाला सवय झाली की समजते, पण आपलं पाप सांगायला आपली भाषा लागते. बरोबर येणाऱ्या फादरांना तिथे मराठीत मिस्सा करायची असेल, तर बिशप हाऊसचं ओळखपत्र घ्यायला लावा आणि बासिलिकेला दिवस-वेळ आधी कळवून ठेवा. दारात जाऊन विनंती करून भागत नाही. मिस्सेत ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) घेण्याआधीचा उपास एक तासाचा आहे. पाणी आणि औषध चालतं, आणि म्हाताऱ्या-आजाऱ्यांना तोही नाही. साखरेच्या आजाराचे लोक "यात्रा आहे" म्हणून सकाळपासून उपाशी राहतात, त्यांना हे नीट समजावा.

गाइड घ्याच, पण मराठी किंवा बरं हिंदी बोलणारा, आणि भाव आधी ठरवून. त्याला सांगा की आम्हाला खांब-कमानी कमी दाखव, गोष्टी जास्त सांग. से कॅथेड्रलचा एकच मनोरा का उरला (दुसरा १७७६ मध्ये कोसळला), त्यातल्या सोनेरी घंटेचा आवाज, टेकडीवरचा संत अगस्तीनचा अर्धा उभा मनोरा. त्या टेकडीवर गुडघेदुखीवाल्यांना चढवू नका, खाली सावलीत बसवा. मिस्सा चालू असताना गाइडने गप्प राहायचं, हेही आधीच ठरलेलं बरं. एक दिवस जास्त असेल तर मडगावजवळचं राशोल करा. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण तिथे १६१६ मध्ये छापलं गेलं. मराठी ख्रिस्ती म्हणजे कालपरवाचं काहीतरी, असं ज्यांना वाटतं, त्यांना मी मुद्दाम तिथे नेते.

सामान थोडंच. आपलं ऊन कोरडं, तिथलं घामाचं. सुती कपडे आणि ओआरएसची पाकिटं घ्या. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. लुगडी-साड्यांचा प्रश्न नसतो, पोरांच्या हाफपँटचा असतो. चर्चमध्ये चपला काढाव्या लागत नाहीत, तरी आमच्या बायका पायरीशी काढतातच, आणि मग बाहेर आल्यावर अर्धा तास शोधाशोध. प्रत्येकीजवळ चपलेपुरती कापडी पिशवी द्या, वाद घालू नका. गाडीसाठी पोळ्या, जवसाची चटणी, ठेचा. वांद्र्याला मेणाचे हात, पाय, घरं मिळतात. नवस असेल त्याने एकच घ्यावं, नाहीतर पहिल्याच दिवशी खिसा रिकामा.

शेवटी स्टीलचा एक डबा. जे येऊ शकत नाहीत त्यांच्या विनवण्यांच्या चिठ्ठ्या त्यात गोळा करायच्या आणि मिस्साच्या वेळी अर्पणात ठेवायच्या. कोणी उघडून वाचू नयेत म्हणून डबा माझ्याजवळच असतो. गेल्या खेपेला एका चिठ्ठीची घडी नीट बसली नव्हती, त्यामुळे बाहेरूनच दिसलं: विहिरीले पाणी.