एग-मॉर्त बघायचं तर मागून सुरुवात करा

दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहरातून लोकलनं एग-मॉर्तला उतरलं की समोर तट दिसतो आणि पाय आपोआप वेशीकडे वळतात. नका वळू. आधी तटाला बाहेरून वळसा घालून दक्षिणेला या. इथं खाजण, त्यापलीकडे मिठागरं आणि मिठाच्या पांढऱ्या राशी. माझे आजोबा उरणच्या मिठागरात राबले, त्यामुळे हे दृश्य मला परकं वाटलंच नाही. पाणी मात्र उन्हाळ्यात चक्क गुलाबी! खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा तो रंग.

गावाच्या नावाचा अर्थच ‘मेलेली पाणी’. असल्या दलदलीत राजानं बंदर का वसवावं? तेव्हा मार्सेय बंदर प्रोव्हान्सच्या काउंटकडे, म्हणजे सरदाराकडे, माँपेलिए शहर आरागॉनच्या राजाकडे; फ्रान्सच्या राजाला, नवव्या लुईला, भूमध्य समुद्रावर स्वतःचं बंदर हवं होतं. करमाफी देऊन त्यानं इथं माणसं आणून वसवली आणि १२४८मध्ये इथूनच तो क्रूसेडला, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला, निघाला. तटापर्यंत समुद्र होता आणि पुढे तो हटला, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. तेव्हाही गलबतं खाडी-कालव्यांतूनच येत. तट लुईच्या मुला-नातवाच्या काळातला.

आता तिकीट काढून कॉन्स्ताँसच्या बुरुजात शिरा. वरच्या दालनात, जमिनीतल्या गोल झरोक्याच्या दगडी कडेवर एक शब्द कोरलाय: ‘प्रतिकार करा’. मारी द्युराँनं तो कोरला असं मानतात. तेव्हा फ्रान्समध्ये बंदी असलेल्या प्रोटेस्टंट पंथाची ही बाई १७३० ते १७६८, म्हणजे अडतीस वर्षं इथं कैदेत होती. खाली वाकून अक्षरं बघा. वरवर बघितलंत तर दिसायची नाहीत.

मग तटावरून सुमारे सोळाशे मीटरची फेरी. सकाळीच उरका. आम्ही ऑगस्टात भर बाराला चढलो, वर सावलीचं नाव नाही, आमच्या ह्यांना ऊन लागलं आणि अर्ध्यातच उतरावं लागलं.

दक्षिण बाजूला मात्र थांबा. ऑगस्ट १८९३मध्ये याच मिठागरांतल्या इटालियन मजुरांवर जमाव तुटून पडला. सरकारी आकडा आठ मृतांचा. खटला चालला, आरोपी सगळे सुटले. मिठाच्या हंगामी कामावरून पेटलेलं भांडण. राशीवर मिठाच्या हातगाड्या चढवणं म्हणजे काय, हे आजोबांच्या पायांच्या भेगा पाहिल्यात म्हणून मला ठाऊक.

उतरल्यावर चौकाजवळच्या बेकरीत फुगास घ्या. साखर आणि संत्र्याच्या फुलांच्या अर्काची ही जाड, मऊ पोळी. एकच दोघांना पुरते.