अश्वारूढ पुतळा: हिशेब घोट्यापासून सुरू करा

पुतळ्याकडे पाहणारा चेहरा पाहतो. डिझाइन करणाऱ्याने आधी घोटे पाहावेत. सगळं वजन आणि सगळा वारा तिथून खाली उतरतो, आणि नेमकी तीच जागा सर्वांत बारीक असते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा चौथऱ्यावर उरली ती पावलं.

मातीचा नमुना कला संचालनालयाकडे मान्यतेला जाण्याआधीच त्याचं थ्री-डी स्कॅन करून घ्या. त्यातून गुरुत्वमध्य, बाजूने दिसणारं क्षेत्रफळ आणि घोट्यांची जाडी काढा. घोटा वीस मिलिमीटरने भरायचा तर मातीत ते किरकोळ काम आहे. कांस्यात ओतकाम झाल्यावर ते जमत नाही.

मग वारा. चार मीटर उंचीचा पुतळा तेवढ्याच उंच चौथऱ्यावर, मुंबईच्या किनाऱ्यालगत, असं धरू. आयएस ८७५ भाग ३, म्हणजे वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, त्याप्रमाणे वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर. शंभर वर्षांच्या आयुष्यासाठी १.०७ आणि मोकळ्या किनाऱ्यासाठी १.०५ ने गुणलं की ४९.४ होतो. दाब म्हणजे वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणायचं: चौरस मीटरला सुमारे १५० किलो. बाजूचं क्षेत्रफळ ७ चौरस मीटर आणि आकारगुणांक (आकारामुळे वारा किती अडतो त्याचा आकडा) १.५ धरला तर आडवा धक्का साधारण १.६ टन. तो खुरांपासून २.३ मीटर वर लागतो, म्हणजे ३.६ टन-मीटर. घोडा दोन पायांवर उधळलेला असेल आणि खुरांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर असेल, तर एका पायावर ६ टनांचा दाब वाढतो आणि दुसरा तेवढ्याच जोराने उपसला जातो. पुतळ्याचं स्वतःचं वजन यात अजून धरलेलंच नाही.

म्हणून तिसरा टेकू शोधा. सेंट पीटर्सबर्गमधल्या पीटर द ग्रेटच्या १७८२ च्या अश्वारूढ पुतळ्यात घोड्याच्या शेपटीला खालचा साप टेकवलाय. अनेकांना तो फक्त रूपक वाटतो. आपल्याकडे झुडूप किंवा खडक चालेल, पण त्याच्या आतून सांगाड्याचा गज खालपर्यंत गेला पाहिजे.

या मापाच्या घोड्याचा घोटा बाहेरून १२० मिलिमीटर भरला तर आत जेमतेम शंभर मिळतात, ओतकामाच्या गाठी वेगळ्याच. शिवाय मागचा पाय सरळ नसतो, दोनदा वळतो. सरळ पाइप वरून सोडू म्हणाल तर गुडघ्यातच अडकेल. पाय उभा चिरून दोन फाकांत ओता, भरीव गज पायाच्या वळणाने जोडून बसवा, त्या जोडांची अल्ट्रासॉनिक तपासणी करा आणि मगच फाका बंद करा. पोटात हे सगळे गज एकाच आडव्या चौकटीला मिळाले पाहिजेत.

सांगाड्याला, म्हणजे आतल्या गजांना आणि चौकटीला, ३१६ एल हे खाऱ्या हवेत टिकणारं स्टेनलेस वापरा. कांस्य आणि साधं लोखंड यांच्यात खारट ओल शिरली की लोखंड झपाट्याने गंजतं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचे आतले लोखंडी पट्टे याच कारणाने १९८० च्या दशकात बदलावे लागले. स्टेनलेस असलं तरी कांस्याला थेट टेकवू नका; मध्ये टेफ्लॉनची पट्टी घाला. कांस्याचा पत्रा आणि सांगाडा जोडताना लांबट भोकं ठेवा, कारण कांस्य या स्टेनलेसपेक्षा थोडं जास्त प्रसरण पावतं. उन्हात तापून पत्रा सरकू शकला नाही तर तो वेल्डिंगच्या कडेला फाटतो.

गज खुरातून निघून चौथऱ्याच्या आरसीसी गाभ्यात जावेत. वरच्या दगडी आवरणात बोल्ट ठोकणं म्हणजे निव्वळ देखावा. बोल्ट स्टीलच्या टेम्प्लेटला बांधूनच काँक्रीट ओता. लाटांचे तुषार पोचत असतील तर काँक्रीट किमान एम ३५ प्रतीचं आणि सळ्यांवर ५० मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर. बेसप्लेटखाली न आकसणारं ग्राउट (फट भरायचा सिमेंटचा मसाला), वर दुहेरी नट.

क्रेन अडकवायची कडी सांगाड्यालाच हवीत, मानेला पट्टा नको. उचलताना भार उलटा होतो, तेव्हा ती अवस्थाही हिशेबात घ्या.

प्रत्येक खुरात आणि पोटाच्या सर्वांत खालच्या जागी १५ मिलिमीटरचं भोक ठेवा. नाहीतर पावसाळ्यात पाय हौदासारखे भरतात. खोगिराखाली माणूस शिरेल एवढं झाकण करा. पहिल्या पावसाळ्यानंतर आत उतरून बॅटरीच्या उजेडात चौकटीचे जोड पाहा: भोकातून तांबूस पाणी आलं असेल तर कुठेतरी साधं लोखंड राहून गेलंय.